मत्स्यालयात स्वयंसेवक डायव्हर व्हायचंय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

सार्वजनिक मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीत एखादा डायव्हर खडकावरचं शेवाळ घासत असतो आणि काचेच्या अलीकडून पोरं त्याला हात करत असतात. तो पगारी नोकरच असेल असं नाही. अमेरिकेतलं मॉन्टेरे बे ॲक्वेरियम किंवा बाल्टिमोरचं नॅशनल ॲक्वेरियम अशा ठिकाणी हे काम करणाऱ्यांत स्वयंसेवकही असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात माणूस आत उतरून काम करेल एवढी टाकी नाही. पण इथली मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी जगभर जातात, आणि तिथून अर्ज करायची इच्छा बऱ्याच जणांना असते. इच्छा चांगलीच आहे. मात्र टाकीत उतरायचं ते मासे बघायला नाही, काम करायला. हे लक्षात न घेतल्यामुळे होणाऱ्या चुका बहुतेक घरूनच सुरू होतात.

वीस मिनिटांच्या स्कूबाला कोर्स समजणं

मालवण, तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड किंवा मुरुडेश्वरहून नेत्राणी, यांपैकी कुठे तरी आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ‘स्कूबा केलेलं’ असतं. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरतो, तोच खाली नेतो, तोच वर आणतो, आणि फोनवर व्हिडिओ येतो. अनुभव म्हणून छान. अर्जात मात्र त्याची किंमत शून्य. त्याबरोबर मिळालेला कागद सहभागाचा असतो, परवान्याचा नव्हे.

खरी सुरुवात ओपन वॉटर कोर्सपासून. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कोर्सात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, १० मिनिटं तरंगावं लागतं, आणि पोहण्याच्या तलावातल्या सरावानंतर खुल्या पाण्यात चार डाइव्ह होतात. मग १८ मीटरपर्यंत जाता येतं. मत्स्यालयं बहुधा याच्या पुढचं मागतात: ॲडव्हान्स्ड किंवा रेस्क्यू डायव्हरचं कार्ड, लॉगबुकात नोंदलेल्या पुरेशा डाइव्ह, प्रथमोपचार, सीपीआर आणि ऑक्सिजन देण्याचं प्रशिक्षण, शिवाय डॉक्टरांचा दाखला. दमा, हृदयविकार, कानाचं जुनं ऑपरेशन यांतलं काही असेल तर ते लपवू नका. पाण्याखाली ते लपत नाही.

आपल्याला सोयीचं म्हणजे तारकर्ली. एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था तिथेच आहे. पावसाळ्यात या किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असतं, म्हणून ऑक्टोबर ते मेचा हिशोब धरूनच रजा टाका. ऐन मे महिन्यात जागा मिळायची मारामार असते.

विहिरीतली सवय पाण्याखाली नेणं

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या चांगल्या पोहणाऱ्यांनाच लागू पडतो. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला, काठावरून मुटका मारणारा, तळाला जाऊन माती घेऊन येणारा गडी पाण्याला घाबरत नाही. पण त्याचं सगळं कसब श्वास रोखण्यावर उभं असतं. स्कूबात पहिला नियम नेमका उलटा: श्वास कधीच रोखायचा नाही.

कारण साधं आहे. १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा देणाऱ्या तोंडातल्या भागातून, छाती भरून घेतलेली हवा वर येता येता फुगत जाते आणि पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. विहिरीत आपण वरूनच हवा भरून जातो, त्यामुळे ती खाली आकसते आणि वर येताना मूळ आकाराला येते, धोका नसतो. इथे मात्र तोंड मिटून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. ‘टाकी तर पाच-सहा मीटरच खोल’ हे समाधान खोटं आहे. भरल्या छातीनं दीड मीटरवरून वर येतानाही ही इजा होऊ शकते, कारण दाबातला सगळ्यांत मोठा फरक पृष्ठभागाजवळच पडतो.

सवय मोडायचा उपाय: रेग्युलेटर तोंडातून निघाला की बारीक बुडबुडे सोडत राहायचं. पोहण्याच्या तलावात, इन्स्ट्रक्टर समोर असताना, हे इतकं घोटवून घ्या की दचकल्यावरही बुडबुडे सुटले पाहिजेत. ‘दचकल्यावरही’ हा शब्द सोडू नका. शांतपणी सगळ्यांनाच जमतं.

राकसकोपच्या किंवा हिडकलच्या धरणाच्या पाण्यात स्वतःच सराव करायचा विचारही नको. राकसकोपचं पाणी शहर पितं. धरणाच्या दारांजवळची ओढ माणसाला सोडत नाही. आणि ३०० मीटरपेक्षा उंचावरच्या पाण्यात किती खोल किती वेळ थांबायचं हे सांगणारे डाइव्हचे नेहमीचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत.

डाइव्ह करून लगेच घाट चढणं

रविवारी सकाळी डाइव्ह, दुपारी मासळीचं ताट, आणि संध्याकाळी चोर्ल्यानं किंवा आंबोलीनं घरी. आपल्या लोकांचा हा ठरलेला बेत आहे आणि तो बदलायला हवा.

डाइव्हमध्ये शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला काही तास लागतात. तेवढ्यात आपण उंचावर गेलो की बाहेरचा दाब कमी होतो आणि हाच वायू सांध्यांत, रक्तात बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेचा विमानप्रवासाबद्दलचा सल्ला २,००० फुटांपासून पुढच्या केबिन-उंचीला (विमानाच्या आतला दाब ज्या उंचीवरच्या दाबाएवढा असतो तिला) लागू होतो: एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास थांबा, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर, म्हणजे जवळजवळ २,५०० फुटांवर आहे. विमानात न बसताही आपण त्या पट्ट्यात येतो. गोव्याच्या किंवा मुंबईच्या डायव्हरला घरी जाताना हा प्रश्न पडत नाही, म्हणून तिथला इन्स्ट्रक्टर आपणहून विचारेलच असं नाही. ‘मी बेळगावला जाणार आहे, मधे घाट आहे’ असं त्याला तुम्हीच सांगा. शेवटची डाइव्ह सकाळी उरका, रात्र किनाऱ्यावर काढा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

घरी आल्यावर खांदा किंवा गुडघा दुखतोय, हातापायाला मुंग्या येतायत, विनाकारण गळून गेल्यासारखं वाटतंय, तर ‘घाटात गाडी चालवून अंग दुखतंय’ असं म्हणून झोपू नका. डॉक्टरांकडे जा आणि डाइव्ह केल्याचं सगळ्यांत आधी सांगा.

टाकीतल्या चुका

मोठ्या टाकीची काच बहुधा काच नसतेच, ॲक्रिलिक असतं, आणि ते मऊ असतं. शेवाळ पुसायच्या फडक्यात वाळूचा एक कण अडकला आणि तुम्ही हात गोल फिरवला की बाहेरच्या माणसाला कायमचे वर्तुळाकार ओरखडे दिसत राहतात. म्हणून तळाला टेकलेलं फडकं काचेला लावायचं नाही, दुसरं घ्यायचं. लोंबकळणारा गेज (हवेचा दाब दाखवणारं मीटर), बेल्टचं धातूचं बक्कल, वळताना लागणारा सिलिंडरचा व्हॉल्व्ह, हे सगळे काचेचे शत्रू. अंगठी, कडं, साखळी बाहेरच ठेवा. डोक्याला तेल, अंगाला क्रीम लावून उतरू नका. टाकीचं पाणी समुद्रासारखं अफाट नसतं.

समुद्रात वापरलेला वेटसूट (अंगावरचा रबरी सूट) किंवा बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) तसाच टाकीत नेणं ही त्याहून मोठी चूक. बाहेरचे परजीवी त्याबरोबर आत येतात आणि माशांत रोग पसरतो. मत्स्यालय स्वतःचं साहित्य देत असेल तर तेच घ्या, नसेल तर त्यांच्या पद्धतीनं निर्जंतुक करा.

खाली राहण्यासाठी कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनाचा गोंधळ नेहमी होतो. गोड्या पाण्याच्या तलावात बरोबर बसलेलं वजन खाऱ्या टाकीत कमी पडतं, कारण खारं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं. साहित्यासह नव्वद किलोच्या माणसाला दोन-सव्वादोन किलो वाढवावे लागतात. काम करताना तर एका जागी टिकायला डायव्हर थोडे जादाच घेतात. शेवटी शेवटी वर उचलल्यासारखं वाटत असेल तर दोष तुमचा नाही. ॲल्युमिनियमचा सिलिंडर हवा संपत येईल तसा दोन-अडीच किलोंनी हलका होतो. ते आधीच हिशोबात धरा. तळ गढूळ होत असेल तर फिन्स (पायातले पंख) वर ठेवून गुडघ्यातून हलकेच मारा. पाय खाली सोडून सायकल मारली की सगळं पाणी धुरकट.

खाद्य द्यायला पहिल्या दिवशी हात पुढे करू नका. कुठला मासा बोट चावतो, कुठली पाकट कुठे वाळूत दबून बसते, हे तिथला माणूस दाखवेल तेव्हाच पुढे जा. पाण्याच्या सक्शनची तोंडं कुठे आहेत ते मात्र पहिल्याच दिवशी विचारा.

मॉन्टेरेसारख्या ठिकाणी टाकीत थेट उपसागराचं पाणी खेळवतात आणि ते चांगलंच थंड असतं. मालवणच्या पाण्यातला पातळ सूट तिथे पुरणार नाही.

कान आणि सर्दी

बेळगावच्या पावसात नाक चोंदलेलं असणं नवं नाही. पण सर्दीत डाइव्ह नको. औषध घेऊन नाक मोकळं करून उतरलात आणि मधेच औषधाचा अंमल उतरला तर वर येताना कान अडकतो. उतरताना दुखायची वाट न पाहता पहिल्या मीटरपासूनच कान मोकळे करा. नाही झाले तर थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न करा, जोर लावू नका.

वेळ आणि कागद

बहुतेक ठिकाणी ठरलेला वार आणि किमान वर्षभराची बांधिलकी मागतात. एक माणूस आला नाही की जोडीदारालाही पाण्यात जाता येत नाही, म्हणून जमणार नसेल तर अर्ज करू नका. परदेशात असाल तर तुमच्या व्हिसावर बिनपगारी काम चालतं का, हे आधी लेखी विचारून घ्या. लॉगबुकात प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ आणि जोडीदाराची सही हवी. व्हॉट्सॲपवरचे फोटो चालत नाहीत. आणि सहा महिने पाण्यात उतरला नसाल, तर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा कोर्स, करूनच मत्स्यालयाच्या चाचणीला जा.