आपल्या तालुक्यात कोविडने कोणत्या वयाची माणसं नेली, हे कसं शोधावं

मे 2021 मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हजारो मुलं कोरोनाबाधित झाल्याची बातमी आली आणि राज्यभरच्या आईबापांच्या पोटात गोळा आला. तिसरी लाट मुलांवरच येणार, असं जो तो बोलू लागला. बातमीतला आकडा खोटा नव्हता. पण जिल्ह्यातल्या त्या महिन्याच्या एकूण रुग्णांत मुलांचा वाटा साधारण दहावा होता, आणि आपल्याकडे अठरा वर्षांखालची मुलं लोकसंख्येच्या जवळपास तिसरा हिस्सा असतात. म्हणजे नोंदलेली लागण मुलांच्या संख्येच्या मानाने कमीच होती. जिल्हा दुसऱ्या लाटेत इतका होरपळला होता, की कुठल्याही वयाचा आकडा मोठाच दिसला असता.

ती भीती मी जवळून पाहिली आहे. त्यानंतर मी आमच्या भागाचा वयानुसार तक्ता स्वतः करायला बसलो. हे काम कुणालाही जमतं. बेरीज, भागाकार आणि थोडी चिकाटी एवढंच लागतं.

आधी मृत्यू मोजा, रुग्ण नंतर

रुग्णांचा आकडा म्हणजे लागण झालेल्यांचा आकडा नव्हे. ज्यांची तपासणी झाली आणि जे पॉझिटिव्ह आले, तेवढेच त्यात येतात. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रोजच्या अहवालात सर्वांत जास्त रुग्ण 31 ते 40 या वयोगटात दिसायचे. ही माणसं कामाला बाहेर पडत होती हे खरंच, पण कंपनीत रुजू होताना किंवा प्रवासासाठी त्यांचीच तपासणी जास्त होत होती. घरात खोकत पडलेल्या आजीचा स्वॅब घ्यायला कोण गेलं होतं?

तपासणीतून किती लागण निसटते, हे मुंबईतल्या जुलै 2020 च्या सेरो सर्वेक्षणाने दाखवलं. तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने घेतले, तर झोपडपट्टीत सुमारे 57 टक्के लोकांत अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्या आणि इमारतींत सुमारे 16 टक्के. पुण्यात पाच प्रभागांत हाच आकडा 51.5 टक्के निघाला. अधिकृत रुग्णसंख्येवरून असा अंदाजही आला नसता. म्हणून ‘इतक्या रुग्णांमागे इतके मृत्यू’ हे प्रमाण दोन तालुक्यांत ताडून पाहू नका. जिथे तपासण्या कमी झाल्या, तिथे ते उगाच भयंकर दिसतं.

मृत्यूही सुटतात. पण माणूस गेला की कधी ना कधी नोंद करावीच लागते. वारस लावायला, बँकेतले पैसे काढायला, विम्याला, सगळीकडे दाखला लागतो.

नोंदवही गाठा

कायद्याने मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपरिषदेत किंवा महापालिकेत. ग्रामसेवक ओळखीचे असले तर समोर बसून माहिती उतरवता येते. नाहीतर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात नावं मागूच नका. मृत्यूची तारीख, वय, स्त्री की पुरुष आणि मृत्यू घरी झाला की दवाखान्यात, एवढंच मागा. 2018 ते 2021 अशी चारही वर्षं मागा. जुनी वर्षं कशाला, ते पुढे येईल.

पहिल्यांदा नोंदवही उघडली तेव्हा मी कारणाचा रकाना शोधत होतो. तो नसतो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं नसतं, ती माहिती अहवालाच्या वेगळ्या भागात भरून वर पाठवली जाते. म्हणजे गावच्या वहीवरून ‘कोविडने किती गेले’ हे कळत नाही, ‘किती गेले’ एवढंच कळतं. आधी मी खट्टू झालो. मग लक्षात आलं, की हेच जास्त भरवशाचं आहे. कारण काय लिहायचं यावर वाद होऊ शकतो, माणूस गेला यावर होत नाही.

वही बोलते ती अशी. एरवी महिन्याला एक पान पुरून उरतं. एप्रिल 2021 ला पोचलो आणि पानं उलटतच राहावी लागली. एकाच आडनावाच्या नोंदी, चार दिवसांच्या अंतराने, एकाखाली एक. वयाच्या रकान्यात 60, 65, 60, 70, 55, 60. आधी काही वाटलं नाही. मग प्रश्न पडला, सगळ्यांची वयं शून्यावर आणि पाचावरच कशी संपतात?

वयाचा घोळ निस्तरा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. आपल्याकडे साठीपुढच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख 1 जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली, तीच जन्मभर चिकटली. जे शाळेतच गेले नाहीत त्यांचं वय ‘साठ-पासष्ट लिहा’ असं सांगितलं जातं. त्यामुळे 60 या एका आकड्यावर गर्दी होते.

आता गोम बघा. राज्याच्या अहवालातले गट 51 ते 60, 61 ते 70 असे होते. जनगणनेचे गट 55 ते 59, 60 ते 64 असे असतात. 60 वर साचलेली सगळी माणसं राज्याच्या तक्त्यात पन्नाशीच्या गटात पडली आणि जनगणनेत साठीच्या. दोन्हीचा भागाकार केला तर पन्नाशीतला मृत्युदर फुगतो. ‘तरणीताठी माणसं गेली’ म्हणताना हे आधी तपासायला हवं.

म्हणून स्वतःचे गट पाडा. मी 0–17, 18–44, 45–59, 60–74 आणि 75 च्या पुढे असे घेतले. 60 आणि 45 या रेषा मुद्दाम घेतल्या, कारण लस त्याच रेषांवर आली. 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांना आणि सहव्याधी असलेल्या 45 च्या पुढच्यांना, 1 एप्रिलपासून 45 च्या पुढच्या सर्वांना आणि 1 मेपासून 18 च्या पुढच्यांना.

तारीख मृत्यूची घ्या, नोंदीची किंवा बातमीतली नको. 16 जून 2020 ला राज्याच्या आकड्यात आधी राहून गेलेले 1,328 मृत्यू एकदम मिळवले गेले, त्यात मुंबईचे 862 होते. ती माणसं त्या दिवशी गेलेली नव्हती.

प्रत्येक वयाची माणसं किती, ते काढा

प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना 2011 ची आहे. तिच्या सी-13 तक्त्यात जिल्ह्याची एकेका वर्षाच्या वयाची लोकसंख्या मिळते. गावपातळीवर मात्र 0 ते 6 वयाची मुलं सोडली तर वय मिळत नाही. तिथे मतदार यादी कामी येते. तिच्यात प्रत्येक मतदाराचं वय असतं आणि ती सगळ्यांना खुली आहे. गेलेल्यांची आणि मुंबईला स्थायिक झालेल्यांची नावं तिच्यात राहून जातात, ती आशाताईंना विचारून खोडा. कोकणात आणखी एक पेच आहे. मे 2020 मध्ये चाकरमानी गावी आले, घरं भरली. त्या काळात गावात किती माणसं होती, याला यादी उत्तर देत नाही.

भागाकार, आणि मग खरी तुलना

मृत्यूंना त्या वयाच्या माणसांनी भागून हजाराने गुणा. हा त्या वयोगटाचा मृत्युदर. पण दोन तालुक्यांची तुलना करताना इथे थांबलात तर फसाल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये वाढण्याऐवजी घटली. तरणी माणसं बाहेर आणि म्हातारी माणसं गावात, असा तो भाग. तिथे मृत्यू जास्त दिसणारच.

समजा, दोन तालुके आहेत, लोकसंख्या प्रत्येकी एक लाख. एक कोकणातला, त्यात साठीपुढचे 20 हजार. दुसरा कारखान्यांच्या पट्ट्यातला, त्यात साठीपुढचे 8 हजार. कोकणातल्या तालुक्यात साठीपुढे हजारी 5 आणि साठीच्या आत हजारी अर्धा मृत्यू झाला, तर 100 अधिक 40 मिळून 140 मृत्यू. हेच दर कारखान्यांच्या तालुक्याला लावले, तर 40 अधिक 46 मिळून 86 मृत्यू व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तिथे 132 झाले. वरवर पाहिलं तर कोकणात 140 आणि इथे 132, म्हणजे इथे बरं होतं असं वाटतं. पण वयाच्या हिशोबाने अपेक्षित होते 86. हे 46 जास्तीचे कुठून आले म्हणून गटवार पाहिलं, तर साठीपुढचे 40 जसेच्या तसे आणि साठीच्या आतले 46 ऐवजी 92. कमावत्या माणसांचा मृत्युदर दुप्पट, आणि तो एकूण आकड्याखाली झाकला गेलेला. हा ‘अपेक्षित मृत्यूं’चा हिशोब कागदावर दहा मिनिटांत होतो. तो केल्याशिवाय कुठल्याही तालुक्याला चांगलं-वाईट म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

तक्ता बरोबर आला का, ते पडताळा

कोविडमध्ये मृत्यूचा धोका वयानुसार जिन्यासारखा चढतो. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत 2020 मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात बाधितांमधलं मृत्यूचं प्रमाण 5 ते 17 वयात 0.05 टक्के होतं आणि 85 च्या पुढे 16.6 टक्के. तुमचा जिना 60 नंतर सपाट झाला, तर वृद्ध सुखरूप राहिले असं समजू नका. बहुधा घरी गेलेल्या वृद्धांच्या नोंदी झालेल्या नाहीत. वृद्ध बायकांच्या तर हमखास राहतात, कारण त्यांच्या नावावर ना सातबारा, ना विमा. (प्रत्येक साथीचा जिना असाच असतो असंही नाही. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या तापाने 20 ते 40 वयाच्या माणसांना निवडून नेलं.)

आता ती जुनी वर्षं. 2018 आणि 2019 च्या एप्रिल-मेमधले मृत्यू गटवार काढा, दोन्हींची सरासरी घ्या आणि 2021 च्या एप्रिल-मेमधून वजा करा. उरतात ते जास्तीचे मृत्यू. राज्यात रोजच्या रुग्णांचा उच्चांक 18 एप्रिल 2021 ला झाला, 68,631. त्यामुळे याच दोन महिन्यांत फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. देशाचा 2020 आणि 2021 चा कोविड मृत्यूंचा अधिकृत आकडा सुमारे 4.81 लाख होता. जागतिक आरोग्य संघटनेने जास्तीच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे 47 लाख काढला, केंद्र सरकारने तो मान्य केला नाही. आपल्या तालुक्यात दोन आकड्यांतलं अंतर किती, हे तुम्हीच काढू शकता.

एक सावधगिरी. गटात दहापेक्षा कमी मृत्यू असतील तर टक्केवारी काढू नका, शेजारची गावं मिळवा. आणि छोट्या गावाचा तक्ता जसाच्या तसा समाजमाध्यमांवर टाकू नका. ‘18–44, स्त्री, 1’ असं लिहिलं की कोण ते अख्ख्या गावाला कळतं.

शेवटचं काम घरोघरी

ज्या नोंदींच्या वयाबद्दल शंका असेल, तिथे आशाताईंना घेऊन जा. ताप होता का, धाप लागली होती का, तपासणी झाली होती का, एवढंच विचारा, आणि वयाचा कागद असेल तर बघायला मागा. एका घरी मावशी आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून यजमानांचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आल्या. वहीत वय 60 लिहिलं होतं. दाखल्याने ते 52 निघालं. मी खोडून 45–59 च्या रकान्यात एक रेघ वाढवली. मृत्यूची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. त्या वयासाठी लस सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. “नंबर लावला होता,” मावशी म्हणाल्या, आणि दाखला पुन्हा पेटीत ठेवला.