घरकर्जावरची सरकारी सूट: अर्ज भरण्याआधी हे बघा

उद्यमनगरात लेथवर काम करतो. फुलेवाडीत फ्लॅट बघताना प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० चे नियम पाठ झाले. आता चहाला बसलो की कुणीतरी विचारतंच, "आमच्यात बसतंय का रे?"

आधी घरातल्यांचं वर्षाचं उत्पन्न मोजा. ९ लाखांच्या आत पाहिजे. घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं. व्याजावरची ४ टक्के सूट मात्र पहिल्या ८ लाखांवरच. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा. म्हणजे डाऊन पेमेंटची सोय तुमची तुम्हीच बघायची!

"गावाकडं वडिलांचं घर आहे, चालतंय का?" हा ठरलेला प्रश्न. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. तुमचं लग्न झालं असेल तर वडिलांचं वेगळं धरतात. पण सातबारा, घरपट्टी नीट बघा. माझं नाव उताऱ्यावर चढलंय का ते बघायला मी दोनदा गावी गेलो.

सगळ्यांचं आधार लागतं. माझ्या बायकोच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव, म्हणून बँकेनं फाईल परत केली. ते आधी दुरुस्त करा.