मॅचच्या आधी पॅलेट कसे निवडायचे, आमच्या घरातली तयारी

मुलीची एअर रायफलची मॅच महिन्यावर आली की आमच्याकडं पहिलं काम पॅलेटचं, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचं, कपडे बॅग तिकीट सगळं नंतर. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो आणि मॅच कधी कोल्हापूरला कधी पुण्यात बालेवाडीला, तिथं गेल्यावर काही कमी पडलं तर धावपळ करून मिळत नाही. स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसला ब्राँझ आणलं तेव्हापासून ओळखीतले बरेच आईबाबा विचारतात काय काय घ्यायचं, म्हणून लिहितेय. (त्याच्या 50 मीटरला .22 ची गोळी असते, पण तिथंही लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप, टेस्ट करूनच घेतात.)

डबा घेताना पॅलेट पुढून सपाट आहेत ना ते बघा, सपाट तोंडाचे कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतात, टोकदार आपल्या कामाचे नाहीत. 4.5 एमएम सगळ्याच डब्यांवर असतं, पण बारीक अक्षरात 4.49 किंवा 4.50 असा हेड साइज, म्हणजे पॅलेटच्या पुढच्या तोंडाची रुंदी, असतो तो वाचा, आणि वजन, रायफलचे साधारण 0.53 ग्रॅमचे असतात, पिस्तूलचे हलके, घाईत तो डबा उचलला जातो. सगळ्यात महत्त्वाचा लॉट नंबर, तो वहीत लिहून ठेवा.

हे मी गेल्या वर्षी शिकले. डबा संपत आला म्हणून मॅचच्या चार दिवस आधी तीच कंपनी तोच साइज बघून नवीन आणला, लॉट बघितलाच नाही, आणि पोरीचे शॉट मधूनच दहाच्या खाली, 9.6, 9.7 जायला लागले. मी तिलाच बोलले की लक्ष कुठंय तुझं. घरी येऊन ती जेवली नाही. नंतर तिच्या कोच सरांनी रायफल क्लॅम्पमध्ये बांधून दोन्ही डब्यांचे दहा दहा शॉट मारले, जुन्या लॉटचं एकच भोक, कडा जराशी रुंद झालेली, आणि नव्याचं पसरलेलं, दोन तर बाजूलाच पडलेले. तो कागद मी अजून ठेवलाय.

हिशोब असा आहे की टार्गेटच्या मधला दहाचा ठिपका फक्त 0.5 एमएमचा, पॅलेट त्याला नुसतं टेकलं तरी 10.0, आणि दर 0.25 एमएमला 0.1 गुण बदलतो. म्हणजे पॅलेटमुळं 1 एमएम सरकलं तर 0.4 गेले, मुलीनं काहीही चूक न करता, आणि शॉट आहेत 60. म्हणून दोन-तीन लॉटचे थोडे थोडे पॅलेट आणून त्याच रायफलवर मारून बघा, दुसऱ्याच्या रायफलला जे चालतं ते आपल्याला चालेलच असं नाही, महागडा डबाही कधीकधी चालत नाही. जो लॉट बसला त्याचे एकदम चार डबे घ्या.

आदल्या रात्री मऊ कापडावर पसरून टॉर्चनं मागची कडा बघायची, वाकलेलं बाजूला, खाली पडलेलं पण बाजूला, ते प्रॅक्टिसला. शिसं आहे, त्यामुळं साबणानं हात धुतल्याशिवाय भडंगाच्या डब्याला हात नाही, आणि पॅलेट तोंडात धरायची सवय असेल तर आजच मोडा. रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख तपासा, दहा वर्षांच्या आतला पाहिजे, आणि पुण्याला जाताना जेवायला थांबलात तर तो उन्हात गाडीत ठेवू नका, प्रेशर वाढतं. सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवायला नळीत घालतात ती दोरी) रायफलच्या पेटीतच बांधून ठेवा.

मॅचला 75 मिनिटं, त्याआधी 15 मिनिटं साइटिंगची, म्हणजे नेम जुळवायची, त्यात कितीही शॉट मारता येतात, म्हणून मोजून 60 नाही तर टेस्ट केलेला अख्खा डबा न्या. परत आल्यावर उरलेल्यांवर तारीख टाका, आणि तो लॉट अजून मिळत असेल तर त्याच आठवड्यात मागवा.