स्मार्ट स्विच चालेना? आधी लाईन तपासा, मग वायफाय, स्विच सगळ्यात शेवटी

फोनवर ‘ऑफलाईन’ दिसलं की पहिला संशय स्विचवर जातो. गावाकडच्या घरात मात्र दोष बहुतेक वेळा स्विचच्या बाहेरच सापडतो. कुठं न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) ढिला असतो, कुठं संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलेलं असतं, कुठं टिनाच्या आड वायफाय पोचत नसतं. म्हणून स्विच खोलून बसण्याआधी क्रम ठरवून घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि स्विच चालू लागला, तर दोष कशात होता हे कळतच नाही आणि महिनाभरात तोच त्रास परत येतो.

सुरुवात बोटाने करा. भिंतीवरच्या स्विचचं बटण हाताने दाबा आणि कान द्या. ‘टिक’ झालं आणि दिवा लागला, तर लाईन आणि रिले (दिवा जोडणारा-तोडणारा आतला भाग, ‘टिक’ त्याचाच) दोन्ही ठीक आहेत. दोष वायफायचा किंवा इंटरनेटचा. ‘टिक’ झालं पण दिवा लागला नाही, तर दिवा, पुढची वायर किंवा रिलेचे कॉन्टॅक्ट (आत एकमेकांना टेकणारे बिंदू) बघायचे. ‘टिक’ही नाही आणि स्विचचा बारीक दिवाही लागत नाही, तर स्विचपर्यंत लाईनच पोचत नाही किंवा आतला पुरवठा गेला आहे. या एका चाचणीने अर्धं काम संपतं.

लाईन आणि न्यूट्रल

लागणारं सामान थोडं आहे: टेस्टर, मल्टिमीटर, इन्सुलेशन असलेला पेचकस आणि १०० वॅटच्या जुन्या बल्बचा सिरीज बोर्ड (लाईन बल्बमधून जाऊन पुढं मिळते असा). बोर्ड खोलण्याआधी मेन बंद करा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वायर जिवंतच राहते आणि तिथंच माणूस फसतो. टेस्टर आधी चालू पॉईंटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मगच बंद वायरीवर विश्वास ठेवा.

मोजायच्या वेळी लाईन चालू असते. म्हणून पायात कोरडी चप्पल हवी, मीटर एसी ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर हवा. तीन आकडे घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिला आकडा २३० च्या आसपास अपेक्षित आहे. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरात संध्याकाळी तो १७०–१८० दिसतो आणि मध्यरात्री २५० च्या वर जातो. बहुतेक स्मार्ट स्विचवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे नुसत्या कमी व्होल्टेजने स्विच बंद पडत नाही. तो बंद पडतो व्होल्टेजच्या क्षणभराच्या बुडीने. कूलर किंवा मोटर सुरू करताना मीटरवर नजर ठेवा. बोर्डात आकडा २०–२५ ने कोसळला आणि मेनजवळ तेवढा हलला नाही, तर मधला एखादा जोड ढिला आहे. तो शोधून घट्ट करा, स्विच आपोआप सुधारतो.

न्यूट्रल ते अर्थ हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. घरातला लोड चालू केला की तो वाढत जात असेल, तर न्यूट्रल कुठंतरी ढिला आहे किंवा अर्थिंग कामाची राहिलेली नाही. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला तर ‘दोन फेज आले’ असं म्हणतात, पण बहुधा घरातला न्यूट्रल तुटलेला असतो. फेज कुठल्यातरी चालू उपकरणातून फिरून न्यूट्रलच्या वायरीत परत आलेला असतो. आणि फेज ते न्यूट्रल २७० च्या पुढं चढत असेल, शेजाऱ्याकडे दिवे मिणमिणत असताना तुमच्याकडे भगभगत असतील, तर मेन ताबडतोब पाडा आणि वायरमनला बोलवा. खांबावरचा न्यूट्रल सुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. त्यात स्विचच काय, टीव्ही-फ्रिजही वाचत नाहीत.

जुन्या धाब्याच्या घरात दिव्याच्या बोर्डात फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर एवढंच असतं, न्यूट्रल नसतो. त्याच बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथं आलेला आहे, तो घ्या. नसेल तर एक वायर ओढून घ्या, किंवा बिनन्यूट्रलचा स्विच बसवा. बिनन्यूट्रलच्या स्विचवर ५ वॅटचा एलईडी बंद करूनही मंद पेटत राहतो किंवा लुकलुकतो. त्यासाठी स्विचसोबत मिळणारा बायपास कॅपॅसिटर दिव्याच्या होल्डरशी, दिव्याला समांतर जोडायचा असतो. स्विचच्या बाजूला जोडला तर उपयोग होत नाही.

न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थची वायर न्यूट्रलच्या जागी लावून देणारेही आहेत. हे कधीही करू नका आणि करू देऊ नका. पावसाळ्यात ओल्या जमिनीमुळे स्विच छान चालतो. एप्रिल-मेमध्ये काळी माती सुकून भेगाळते, अर्थचा रोध वाढतो आणि स्विच दिवसभर चालू-बंद होत राहतो. उन्हाळ्यात बिघडून पाऊस पडताच आपोआप सुधारणारा स्विच दिसला, की आधी हेच तपासा. स्विच बिघडणं तरी परवडलं. पण त्या वायरीतून करंट वाहू लागला की अर्थला जोडलेल्या कूलरच्या टिनाच्या अंगावरही व्होल्टेज येतं. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, त्यामागे अशाही चुका असतात. घराच्या मेनला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच लाईन तोडणारा ब्रेकर) हवाच. तो वारंवार पडत असेल तर काढून टाकू नका, कारण शोधा.

सिरीज बोर्डावर स्विचची परीक्षा

लाईन ठीक निघाली तर स्विच काढून टेबलावर घ्या. फेज १०० वॅटच्या बल्बमधून स्विचच्या ‘एल’ टर्मिनलला द्या, न्यूट्रल ‘एन’ला, आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर ९ वॅटचा एलईडी लावा. चांगला स्विच एखाद वॅटच खातो, म्हणून मोठा बल्ब काळाच राहतो आणि स्विचचा बारीक दिवा लुकलुकतो. मोठा बल्ब भगभगीत पेटला तर स्विच आतून शॉर्ट आहे. जास्त व्होल्टेज आलं की आतला निळा किंवा पिवळा चपटा व्हॅरिस्टर फुटतो आणि असं होतं. असा स्विच पुन्हा भिंतीत बसवू नका. मोठा बल्बही काळा आणि स्विचचा दिवाही बंद, तर आतला पुरवठाच तुटला आहे.

स्विच जिवंत असेल तर बटण २० वेळा दाबा. प्रत्येक ‘टिक’ला एलईडी लागला आणि विझला पाहिजे. ‘टिक’ होऊनही एखाद्या वेळी लागत नसेल, तर कॉन्टॅक्ट जळून खडबडीत झाले आहेत. लागलेला विझतच नसेल, तर कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. तेव्हा लाईन काढून स्विचला पेचकसाच्या मुठीने हलकेच टिचकी मारा. टिचकीने सुटला तरी तो परत चिकटणारच. बदलून टाका.

कॉन्टॅक्ट चिकटण्याचं कारण बहुधा लोड असतो. रिलेवर लिहिलेले १० अँपियर हीटरसारख्या लोडसाठी असतात. कूलरची मोटर किंवा पाण्याचा पंप सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढतो. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ६–७ अँपियर घेते, सुरू होताना त्याच्या चार-पाच पट सहज. ती थेट स्मार्ट स्विचवर लावू नका. मध्ये २३० व्होल्ट कॉईलचा, २५ अँपियरचा कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) बसवा आणि स्मार्ट स्विचने फक्त त्याची कॉईल चालवा. मोटरचा ओव्हरलोड रिले (जादा करंट ओढला की मोटर बंद करणारा) आहे तसाच राहू द्या. कॉन्टॅक्टर सुटताना स्मार्ट स्विचच रिस्टार्ट होत असेल, तर कॉईलवर तयार स्नबर (कॉईल सुटतानाचा झटका शोषणारा) लावा. त्यात ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कॅपॅसिटर आणि १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपियर घेतो, त्याला १६ अँपियरचाच स्विच हवा. बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या, रिमोटच्या) पंख्याला स्मार्ट रेग्युलेटर लावू नका, नुसतं चालू-बंद ठीक आहे.

ज्या खोलीत कापूस भरून ठेवता, त्या खोलीत लोडचा कुठलाच स्मार्ट स्विच नको. ढिल्या टर्मिनलची एक ठिणगी पुरते.

वायफाय

हे स्विच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राऊटरने २.४ आणि ५ एकाच नावाने दिले असतील, तर जोडणी करताना फोन ५ वर असतो आणि स्विच सापडत नाही. दोन्हींना वेगळी नावं द्या. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा. फोनचा मोबाईल डेटा बंद आणि लोकेशन चालू करा. बटण ५ ते १० सेकंद दाबून धरलं की दिवा भराभर लुकलुकतो, पुन्हा तसंच केलं की सावकाश. बऱ्याच कंपन्यांत या जोडणीच्या दोन वेगळ्या पद्धती असतात. ॲपमध्ये निवडलेली पद्धत आणि दिव्याची चाल जुळली नाही तर कितीही वेळा करा, जोडणी होत नाही.

सिग्नल अंदाजाने सांगू नका, मोजा. फोनवर वायफाय ॲनालायझरचं एखादं ॲप घ्या, बोर्डाला फोन टेकवा, खोलीचं दार लावा आणि डीबीएममधला आकडा बघा (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). उणे ६५ पर्यंत चांगलं. उणे ७५ म्हणजे काठावर. उणे ८० च्या खाली स्विच तुटत राहणार. फोनचा अँटेना स्विचच्या बारीक अँटेनापेक्षा चांगला असतो, तेव्हा फोनला उणे ७० दिसलं तर स्विचला त्याहून कमीच मिळतं असं धरून चाला.

आपल्या घरांत तीन गोष्टी सिग्नल खातात: दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत, टिनाचे पत्रे आणि बोर्डाचा लोखंडी डबा. चौथी उन्हाळ्यात येते, ती म्हणजे कूलर. खिडकीत टिनाचा कूलर बसतो, त्याच्या ताट्या ओल्या होतात. टिन सिग्नल परतवतं आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषतं. हिवाळ्यात नीट चालणारा मागच्या खोलीतला स्विच मेमध्ये ऑफलाईन जाऊ लागला, तर कूलर सुरू असताना आणि हलवून असे दोन आकडे घ्या. फरक दिसला की उपाय राऊटरची जागा बदलण्याचा आहे. लोखंडी कपाटावर ठेवलेला राऊटर ओसरीच्या बाजूला, डोक्याच्या वर, मोकळ्या भिंतीवर लावा. चॅनल आपोआपवर न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. गोठ्यातला स्विच घरातल्या राऊटरवर ओढत बसण्यापेक्षा बाहेर लावायचा ॲक्सेस पॉईंट (राऊटरला जोडून वायफाय पुढं नेणारा डबा) घ्या.

तरीही शंका राहिली तर तोच स्विच वायर आणि प्लग लावून राऊटरपासून दोन मीटरवर २४ तास चालवा. तिथं एकदाही तुटला नाही तर स्विच निर्दोष आहे, परत पाठवू नका.

रिमोटचं थोडक्यात: ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये बऱ्याचदा १२ व्होल्टची बारीक बॅटरी असते. ती उतरली की पल्ला आधी कमी होतो, मग रिमोट थांबतो. झिगबीच्या (२.४ गिगाहर्ट्झवरच चालणाऱ्या दुसऱ्या बिनतारी पद्धतीच्या) बटणात बहुधा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. वायफाय चॅनल १ किंवा ६ वर असेल तर झिगबी २५ वर ठेवा, भांडण मिटतं.

लाईन आल्यानंतर

गावात खरी परीक्षा लाईन गेल्यावर आणि आल्यावर होते. राऊटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, स्विच काही सेकंदांत उठतो आणि त्याला वायफाय सापडत नाही. चांगला स्विच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, काही मात्र थकून बसतात. चाचणी अशी: मेन ५ मिनिटं बंद, मग चालू, मग ५ मिनिटं कशालाही हात न लावता थांबा आणि ॲप बघा. तीनदा करा. तिन्ही वेळा आला तर पास. नाही आला तर राऊटरला मिनी यूपीएस लावा. घेताना यूपीएसचं व्होल्टेज राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेलं तेच असलं पाहिजे आणि अँपियर तेवढे किंवा जास्त.

ॲपमध्ये ‘लाईन आल्यावर काय’ ही सेटिंग असते. दिव्यांना ‘पूर्वीसारखं’ चालेल. कूलर, पंप, मोटर यांना ‘बंद’च ठेवा. लाईन गेली म्हणून कुणी कूलरच्या टाकीत हात घालून ती धुवत असेल, किंवा मोटरशी खटपट करत असेल, तेव्हा ती आपोआप सुरू होता कामा नये.

इंटरनेट गेलं तर टायमर चालतो का, हेही आजच बघा. राऊटरची बाहेरून येणारी केबल काढा, आधी लावलेला ५ मिनिटांनंतरचा टायमर चालतो का ते पाहा. चालला तर तो स्विचच्या आत साठवलेला आहे. नाही चालला तर तो कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि इंटरनेट गेलं की पंप वेळेवर बंद होणार नाही. अशा स्विचवर पाण्याची मोटर सोडू नका.

पश्चिमेच्या भिंतीवरचा स्विच सकाळी चालतो आणि दुपारी तीनला रिस्टार्ट होतो, असं दिसलं तर तो उन्हाने आतून थकला आहे. ४५ अंशांत तापलेल्या भिंतीत, बंद डब्यात, कॅपॅसिटर सुकतात. पूर्वेच्या भिंतीवरच्या बोर्डात हलवून पाहा. मृगाच्या आधी मेनवर टाईप-२ सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा झटका जमिनीत उतरवणारा) बसवा, पण अर्थिंग चांगली नसेल तर त्याचा उपयोग नाही. त्याच दिवशी सगळे बोर्ड उघडून मुंग्यांची माती झाडा, टर्मिनलचे स्क्रू घट्ट करा, आणि पालीला शिरायला राहिलेली वायरीची भोकं बंद करा. झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, तिन्ही व्होल्टेज, सिग्नलचा आकडा. पुढच्या वेळी बोर्ड उघडणाऱ्याला काय बदललं ते लगेच दिसेल.