जुन्या वेब ॲप्लिकेशनसाठी फ्रेमवर्क निवडताना आधी डेटाबेस उघडा

दहा-पंधरा वर्षं चालत आलेलं वेब ॲप्लिकेशन नव्या फ्रेमवर्कवर (ॲप्लिकेशन बांधायच्या तयार सांगाड्यावर) न्यायचं ठरलं, की पहिली बैठक ब्राउझरकडच्या बाजूसाठी ‘रिॲक्ट घ्यायचं की अँग्युलर’ यातच संपते. तो प्रश्न खोटा नाही, पण यादीत बराच खाली येतो. नवं फ्रेमवर्क आणि जुना कोड एकाच डोमेनवर, एकाच डेटाबेसवर आणि एकाच लॉगिनवर निदान काही महिने शेजारी-शेजारी चालणार असतात. मोठ्या ॲप्लिकेशनमध्ये हा काळ दोन-तीन वर्षांवरही जातो. ज्या फ्रेमवर्कला हा शेजार झेपतो तेच घ्यायचं. बाकीचे निकष त्यानंतर.

सगळं नव्यानं लिहून एका रात्रीत बदलायचा मार्ग वीस-पंचवीस स्क्रीनच्या आणि फारसा बदलत नसलेल्या ॲप्लिकेशनला चालतो. त्यापुढे नाही. नवं लिहून होईपर्यंत जुन्यात बदल सुरूच राहतात आणि नवं कायम मागे पडतं. म्हणून पुढे प्रॉक्सी (येणारी प्रत्येक विनंती आधी घेऊन जुन्या किंवा नव्या कोडकडे धाडणारा सर्व्हर) ठेवायची आणि एकेक मार्ग, म्हणजे पानाचा पत्ता, नव्या कोडकडे वळवत न्यायचा. ‘स्ट्रँगलर फिग’ म्हणतात ती पद्धत हीच, आणि खालचं सगळं ती गृहीत धरून लिहिलं आहे.

आधी मोजमाप

वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग (कोणता पत्ता कधी उघडला याची नोंद) काढा, शक्यतो पूर्ण १२ महिन्यांचा. पत्त्यांतले आयडी काढून टाका, उरलेले मार्ग मोजा आणि उतरत्या क्रमानं लावा. बरेच मार्ग असे निघतात की ज्यांना वर्षभर कुणी हात लावलेला नसतो. ते नव्या फ्रेमवर्कमध्ये न्यायचेच नाहीत. मात्र वर्षातून एकदाच उघडलेलं पान म्हणजे निरुपयोगी पान, असं धरू नका. वर्षअखेरचा हिशेब तसाच असतो. लॉगमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींची वेगळी यादी हवी: क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), रात्री फाइल काढून ठेवणाऱ्या स्क्रिप्ट आणि थेट डेटाबेसला जोडून वाचणाऱ्या दुसऱ्या सिस्टिम. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. टेबलाचं नाव बदललं की ती मुकाट्यानं बंद पडते.

मग नियम कुठे लिहिलेत ते शोधा. सूट कशी लागते, मंजुरी कोण देतं, शिल्लक कधी कमी होते, हे स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये) आहे, ट्रिगरमध्ये (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) आहे, पानाच्या टेम्पलेटमध्ये मिसळलंय की ब्राउझरमधल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत? नियम बहुतांश स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये असतील तर भारी ओआरएमचा (टेबलं कोडमध्ये ऑब्जेक्ट म्हणून हाताळणाऱ्या थराचा) फ्रेमवर्क घेऊन फारसं काही पदरात पडत नाही. तिथे डॉटनेटचं डॅपर किंवा जावातल्या स्प्रिंगचं जेडीबीसी टेम्पलेट यांसारखी हलकी साधनं बरी.

भाषा सोडायची का?

बहुतेक वेळा नाही. भाषा तीच राहिली तर जुन्या कोडमधली गणितं करणारी फंक्शनं जशीच्या तशी उचलता येतात, आणि जुना कोड वाचू शकणारी माणसं नव्यावरही काम करू शकतात.

पीएचपी असेल तर लढत लाराव्हेल आणि सिंफनी यांच्यात आहे. सिंफनीचे भाग सुटे घेता येतात. राउटिंग, फॉर्म किंवा कन्सोल यांतलं एखादंच काँपोझर या पीएचपीच्या पॅकेज साधनानं आणून जुन्या कोडमध्ये बसवता येतं. शिवाय सिंफनी पीएचपीचं मूळ सेशन (कोण लॉगिन आहे हे लक्षात ठेवणारी नोंद) वापरतं, त्यामुळे जुन्या लॉगिनशी जुळवणं सोपं जातं. लाराव्हेलचं सेशन स्वतःचं आणि वेगळं असतं. दुसऱ्या बाजूला, रांगा, मेल, फाइल साठवण हे सगळं लाराव्हेलमध्ये तयार मिळतं आणि नवा माणूस लवकर कामाला लागतो. जुना कोड पीएचपी ५ वरचा असेल तर फ्रेमवर्कच्या आधीच एक काम आहे: ‘मायएसक्यूएल_’ असं सुरू होणारी जुनी फंक्शनं पीएचपी ७.० मध्ये काढून टाकली आहेत, ती पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस जोडणीच्या थरावर न्यायला हवीत. पीएचपी ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ ला थांबली आणि ७.४ ची २८ नोव्हेंबर २०२२ ला.

जावात स्ट्रट्स १ वरून स्प्रिंग बूटकडे येताना दोन पायऱ्या धरा. स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं आणि ‘जावाएक्स’ नावाची एंटरप्राइझ पॅकेजेस ‘जकार्ता’ नावाखाली गेली आहेत. तुमची एखादी जुनी लायब्ररी अजून ‘जावाएक्स सर्व्हलेट’ मागत असेल आणि तिची नवी आवृत्ती निघालेली नसेल, तर गाडी तिथेच अडते. म्हणून डिपेंडन्सीची (कोड ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या लायब्ररींची) यादी आधी तपासा, फ्रेमवर्क नंतर.

डॉटनेटमध्ये वेब फॉर्म्सला नव्या डॉटनेटवर थेट वाटच नाही. एमव्हीसीत लिहिलेलं असेल तर कंट्रोलर बऱ्यापैकी तसेच नेता येतात. वेब फॉर्म्समध्ये मात्र सर्व्हर कंट्रोल आणि व्ह्यूस्टेटवर (पानाची स्थिती पानातच दडवून पाठवायच्या सोयीवर) उभं असलेलं प्रत्येक पान नव्यानं लिहावं लागतं. डॉटनेटच्याच ब्लेझर या नव्या साधनाची कल्पना त्याच्या जवळची वाटली तरी कोड त्यात जात नाही. यार्प ही प्रॉक्सी पुढे ठेवून पानं एकेक करून हलवणं हा इथला रुळलेला मार्ग.

पायथन २ वर जँगो असेल तर फ्रेमवर्क बदलण्याचं कारणच नाही. जँगो १.११ ही पायथन २ आणि ३ या दोन्हींवर चालणारी शेवटची आवृत्ती. आधी १.११ वर या, तिथेच पायथन ३ करा, मग २.२, ३.२, ४.२, ५.२ अशा दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांवरून चढत जा. मधली पायरी गाळली की कोणता इशारा कुठून आला ते कळत नाही.

क्लासिक एएसपी किंवा पर्ल सीजीआयसारख्या ठिकाणी भाषा सोडणं क्रमप्राप्त आहे. तेव्हा टीमला जी भाषा येते तीच घ्या.

डेटाबेसची परीक्षा

खरी गाळणी इथे लागते. हाताशी आलेल्या दोन-तीन उमेदवारांना तुमच्या खऱ्या स्कीमावर (टेबलांच्या रचनेवर) बसवून पाहा.

एकाहून जास्त कॉलमची प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारी खूण) असलेली टेबलं किती आहेत ते मोजा. लाराव्हेलचं ओआरएम एलोक्वेंट अशी की हाताळत नाही. जँगोत ती सोय ५.२ मध्ये, म्हणजे २०२५ साली आली. डॉक्ट्रिन (पीएचपी), हायबरनेट (जावा) आणि एसक्यूएलअल्केमी (पायथन) या ओआरएमना ती पूर्वीपासून जमते. अशी दोन-चार टेबलं असतील तर क्वेरी हातानं लिहून भागेल. निम्मा डेटाबेस तसा असेल तर एलोक्वेंट घेऊ नका, दर आठवड्याला आडवाटेनं जावं लागेल.

मायएसक्यूएलमध्ये टेबलांचं इंजिन (साठवणुकीची पद्धत) पाहा. मायआयसॅम टेबलांना ट्रँझॅक्शन (सगळे बदल एकत्र होणं किंवा एकही न होणं) नसतं आणि फॉरेन कीही (दुसऱ्या टेबलाशी जोडणारं नातं) नसते. नव्या कोडमध्ये तुम्ही व्यवस्थित ट्रँझॅक्शन लिहाल, मध्येच चूक झाली की रोलबॅक होईल (बदल मागे घेतले जातील), आणि मायआयसॅममध्ये गेलेली नोंद तशीच राहील. स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. ही टेबलं आधी इनोडीबी या ट्रँझॅक्शन सांभाळणाऱ्या इंजिनवर न्या. फॉरेन की नसल्यामुळे जँगोच्या ‘इन्स्पेक्टडीबी’नं तयार केलेल्या मॉडेलमध्ये नातीही येणार नाहीत, ती हातानं लिहावी लागतील. त्या मॉडेलवरची ‘मॅनेज्ड फॉल्स’ ही ओळ काढू नका. जुना कोड जिवंत आहे तोवर टेबलाची मालकी जँगोकडे जाता कामा नये.

तारखेच्या कॉलममध्ये सगळी शून्यं भरलेली आढळली तर ती नल (रिकामी) करून घ्या. मायएसक्यूएल ५.७ पासून मूळ सेटिंगच कडक आहे आणि अशी तारीख लिहायला गेलं की चूक येते. एसक्यूएल सर्व्हरवर ट्रिगर असतील तर ईएफ कोअर या डॉटनेटच्या ओआरएममध्ये आवृत्ती ७ पासून त्या टेबलात साठवताना चूक येते. मॉडेलमध्ये ‘हॅजट्रिगर’ असं सांगावं लागतं.

आणि देवनागरी मजकूर. जुन्या ॲप्लिकेशनमध्ये टेबल लॅटिन१ (अक्षरं साठवायची जुनी पद्धत, देवनागरी नसलेली) म्हणून घोषित, कनेक्शनही लॅटिन१, पण आत बसलेले बाइट यूटीएफ-८ चे, हा प्रकार फार आढळतो. दोन्ही बाजूंनी चूक सारखीच असल्यामुळे पानावर मजकूर नीट दिसतो. नवं फ्रेमवर्क यूटीएफ८एमबी४ नं (मायएसक्यूएलमधल्या पूर्ण यूटीएफ-८ नं) जोडलं की त्याच नावांचा कचरा होतो. अशा वेळी थेट ‘कन्व्हर्ट टू’ चालवू नका, त्यानं कचरा कायमचा पक्का होतो. कॉलम आधी बायनरी प्रकारात बदला, मग यूटीएफ८एमबी४ च्या मजकूर प्रकारात. आणि त्याच वेळी जुन्या कोडचं कनेक्शनही बदला, नाहीतर तिथे प्रश्नचिन्हं उमटतील. इंडेक्सवरही लक्ष असू द्या. जुन्या इनोडीबीत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट आहे आणि यूटीएफ८एमबी४ मध्ये अक्षराला ४ बाइट धरतात. २५५ अक्षरांचा कॉलम १०२० बाइट मागतो, १९१ अक्षरांचा बसतो.

फ्रंटएंड

याद्या, फॉर्म, शोध, रिपोर्ट एवढंच असेल तर सर्व्हरवर पानं तयार करणारे टेम्पलेटच ठेवा आणि जिथे पान न हलता बदल हवा तिथे एचटीएमएक्स किंवा अल्पाइन ही छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी लावा. पूर्ण सिंगल पेज ॲप्लिकेशन (पानं ब्राउझरमध्येच तयार करणारं) म्हणजे दुसरा कोडबेस, वेगळं राउटिंग, प्रत्येक गोष्टीसाठी एपीआय आणि दोन ठिकाणी लिहिलेली व्हॅलिडेशन. ओढून-सरकवून आखायचं वेळापत्रक किंवा नेट नसताना चालणारी स्क्रीन असेल तर हा खर्च वसूल होतो. फक्त नवं दिसावं म्हणून तो करू नये.

रिॲक्ट किंवा व्ह्यू जुन्या पानातल्या एकाच डिव्हमध्ये (पानातल्या एका कप्प्यात) बसवता येतं, म्हणून टप्प्याटप्प्यानं जाण्याला ते सोयीचं. पथ्य एकच: त्या डिव्हच्या आत जेक्वेरीचा प्लगइन चालवायचा नाही. रिॲक्टच्या ताब्यातला घटक दुसऱ्यानं हलवला की नंतर तो काढताना ‘रिमूव्ह चाइल्ड’ची चूक येते आणि ती नेमकी कधी येईल याचा भरवसा नसतो. ॲंग्युलरजेएस १ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली. तिथून आजच्या ॲंग्युलरवर जाणं हे आवृत्ती बदलण्यापेक्षा पुनर्लेखनाच्या जवळचं आहे, म्हणून केवळ नाव सारखं आहे एवढ्यासाठी तेच घ्यायची गरज नाही. व्ह्यू २ चीही मुदत ३१ डिसेंबर २०२३ ला संपली आहे. नवा रिॲक्ट प्रकल्प ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’नं सुरू करू नका. ते २०२५ मध्ये निवृत्त झालं, त्याऐवजी व्हीट वापरा.

मुदतीचं गणित

जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ३ वर्षं सुरक्षा दुरुस्ती मिळते, डॉटनेटच्या सम क्रमांकाच्या आवृत्तीलाही ३, सिंफनीच्या तशा आवृत्तीला ४, लाराव्हेलच्या आवृत्तीला २ आणि ॲंग्युलरच्या आवृत्तीला १८ महिने. स्थलांतराला अडीच वर्षं लागणार असतील आणि सुरुवातीला लाराव्हेलची ताजी आवृत्ती घेतली, तर काम संपायच्या आत तीच जुनी होते. म्हणून लाराव्हेल बाद होत नाही, पण मधला अपग्रेड वेळापत्रकात लिहिलेला हवा.

दोन आठवड्यांची चाचणी

उरलेल्या दोन उमेदवारांमध्ये एकच स्क्रीन बनवा. सोपी नको. लॉगिन लागणारी, दोन-तीन टेबलांत लिहिणारी आणि एक फाइल घेणारी निवडा. क्रम असा ठेवा:

१. प्रॉक्सीतून फक्त तो मार्ग नव्याकडे वळवा. प्रॉक्सी म्हणून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वापरत असाल तर त्यात ‘प्रॉक्सी पास’च्या पत्त्यामागे तिरपी रेघ दिली तर मार्गाचा जुळलेला भाग गळून पडतो. ‘४०४’ (पान सापडलं नाही) येऊ लागले की आधी तिथे पाहा. मूळ विनंती एचटीटीपीएसची होती हे प्रॉक्सीच्या हेडरमधून पुढे कळवा आणि फ्रेमवर्कला त्या प्रॉक्सीवर विश्वास ठेवायला सांगा, नाहीतर रीडायरेक्टचं चक्र सुरू होतं.

२. जुन्याकडे लॉगिन करून नव्या स्क्रीनवर या. लाराव्हेल सगळ्या कुकी एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे जुन्या कोडनं ठेवलेली कुकी त्याला रिकामी दिसते. तिचं नाव अपवादांच्या यादीत घालावं लागतं.

३. जुन्या पानावरचा फॉर्म नव्या मार्गावर पाठवून पाहा. सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण) नसल्यानं लाराव्हेल ४१९ ही चूक देतं, जँगो ४०३. त्यावर उपाय म्हणून तपासणी बंद करू नका; फॉर्म आणि तो स्वीकारणारा मार्ग हे दोन्ही बरोबरच हलवा. जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवताना पोस्टसाठी (फॉर्म पाठवायच्या विनंतीसाठी) ३०१ हा रीडायरेक्ट कोड नको. ब्राउझर बहुधा त्याचं गेट (फक्त पान मागणारी विनंती) करून टाकतात आणि भरलेला मजकूर जातो. ३०८ वापरा.

४. जुने पासवर्ड एमडी५ या जुन्या, कमकुवत हॅश पद्धतीत असतील तर लोकांनी परत लॉगिन करायची वाट पाहू नका. असलेल्या प्रत्येक एमडी५ मजकुरावर बीक्रिप्ट हा मजबूत हॅश चढवा आणि पुढच्या यशस्वी लॉगिनला मूळ पासवर्डवरून नवा हॅश साठवा. बीक्रिप्ट चढवाल त्या दिवशीच जुन्या कोडची लॉगिन तपासणीही तशी बदलावी लागते.

५. नवं लाइव्ह करा, मग मुद्दाम मागे या. प्रॉक्सीतली एक ओळ बदलून पाच मिनिटांत जुनी स्क्रीन परत यायला हवी. नव्या कोडनं लिहिलेली नोंद जुन्या स्क्रीनला उघडता आली नाही, तर मागे यायचा रस्ता नाही असं समजा.

प्रत्येक पायरीला किती तास गेले आणि किती ठिकाणी फ्रेमवर्कच्या मूळ पद्धतीबाहेर जावं लागलं, हे लिहून ठेवा. दुसरा आकडा जास्त बोलका असतो. तास सवयीनं कमी होतात, आडवाटा मात्र प्रत्येक स्क्रीनला तितक्याच राहतात. दोन्ही उमेदवार बरोबरीत आले तर टीममधल्या दोन माणसांना आधीपासून येणारा निवडा. एकालाच येत असेल तर तेवढं पुरेसं धरू नका.

निवड झाल्यावर पहिल्या मार्गासाठी पैशांची किंवा मंजुरीची स्क्रीन घेऊ नका. फक्त वाचायची, रोज उघडली जाणारी एखादी यादी घ्या. एखादा मार्ग पूर्ण वळवला की जुन्या कोडमधली ती फाइल लगेच न पुसता तिथे फक्त लॉगची एक ओळ टाका. वर्षअखेरचं काम उरकेपर्यंत त्या ओळीत काहीच आलं नाही, मग पुसा.