‘देवा, त्याला बघून घे’ याऐवजी काय मागावं

बुधवारी संध्याकाळी कळव्याला आमच्या घरी प्रार्थनेला बायका जमतात. कुणाच्या बिल्डरने भाडं थांबवलेलं असतं, कुणाच्या भावाने घर बळकावलेलं असतं. विनंतीचा शेवट बहुतेक वेळा एकच: “ताई, देवाने त्याला एकदा दाखवावं.” तेवढी प्रार्थना मी करत नाही. माझ्या दिराने सासूबाईंची चरईतली खोली आम्हाला न सांगता विकली. त्यामुळे हे बोलणं किती जड जातं, हे मला ठाऊक आहे.

आधी राग गिळू नका. दार लावून बायबलमधलं स्तोत्र 109 मोठ्याने वाचा. शत्रूची मुलं अनाथ व्हावीत, इथपर्यंत त्यात मागणी आहे! कॅथलिक चर्चने 1971 मध्ये आपल्या नित्य प्रार्थनाग्रंथातून 58, 83 आणि 109 ही स्तोत्रं वगळली, पण पवित्र शास्त्रात ती आजही आहेत. एवढा जहरी संताप स्तोत्रकर्त्याने देवापुढे ओतला, हे मला मोलाचं वाटतं. तुम्हीही ओता. मात्र रोज तिथेच जाऊन बसू नका.

मग कागद घ्या आणि नुकसान लिहून काढा. हे टाळलं की क्षमा पोकळ राहते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यात एका दासाचे दुसऱ्याकडे शंभर दीनार येणे असतात. मजुराचा दिवसाचा रोज एक दीनार, म्हणजे ही तीन महिन्यांहून जास्त कमाई झाली. प्रभूने हे येणं क्षुल्लक म्हटलं नाही. धन्याने त्या पहिल्या दासाला माफ केलेल्या दहा हजार तालंतांसमोर (एक तालंत म्हणजे हजारो दीनार) मात्र ते किती लहान दिसतं! म्हणून “जाऊ दे, काही झालंच नाही” असं स्वतःला समजावू नका. मी लिहिलं होतं: खोली, सासूबाईंची पितळेची भांडी, नवऱ्याची उडालेली झोप. खाली एक ओळ: “एवढं नुकसान झालं. याचा सूड घेण्याचा हक्क मी सोडते.”

यानंतर प्रार्थनेत शिक्षा सुचवायची नाही. शोमरोनी लोकांच्या एका गावाने प्रभूला उतरू दिलं नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागायला निघाले होते. प्रभू त्या दोघांवरच रागावला (लूक 9). रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सूड देवावर सोपवायला सांगतो, आणि लगेच शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घालायलाही सांगतो.

“मग तक्रार मागे घ्यायची का?” हा प्रश्न हमखास येतो. नाही. वकील गाठा, कागद जपा. घरात मारहाण होत असेल तर आधी बाहेर पडा, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. क्षमा करण्यासाठी त्याच छताखाली राहावं लागत नाही. कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांचा 1995 मध्ये मध्य प्रदेशात खून झाला. मारेकरी समंदर सिंह तुरुंगात शिक्षा भोगत होता, तिथे जाऊन 2002 मध्ये त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठीही त्यांच्या घरच्यांनी मदत केली. हे वाचून मी कितीतरी वेळ रडले होते.

आता त्या माणसासाठी, त्याचं नाव घेऊन, एक चांगली गोष्ट मागा. “त्याला सद्बुद्धी दे” नको, त्यात आपला टोमणा असतो. मुलाची नोकरी, बायकोची साखर, असं काहीतरी खरं मागा. मुलीकडे वाशीला जाताना ठाण्याहून लोकल सुटली की ऐरोली येईपर्यंत मी दिरासाठी मागते. कधी शब्द घशातच अडकतात. तेव्हा फक्त नाव घेते. राग परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. प्रभूने आपल्या शिष्याला, पेत्राला, साताच्या सत्तरपट वेळा क्षमा करायला सांगितलं, ते अशाच दिवसांसाठी.

आणि त्या माणसावर संकट आलं तर “देवाने दाखवलं” हे तोंडातून जाऊ देऊ नका. शत्रू पडला तर आनंद मानू नको, असं नीतिसूत्रे 24:17 मध्ये स्पष्ट आहे. दिराचं ऑपरेशन झालं तेव्हा मी जावेला फोन करून डबा किती जणांचा पाठवू एवढंच विचारलं. समोर जायचं बळ नसेल तर डबा दुसऱ्याच्या हाती द्या. खोलीचा विषय अशा दिवशी काढू नका. त्यासाठी कोर्टाची तारीख आहे.