लेझर, ट्रिप्लेट आणि प्रोटीन: खान्देशातून या फील्डमध्ये यायचं असेल तर

जळगाव, अमळनेर, धुळ्याकडची बीएस्सी-एमएस्सीची पोरं-पोरी विचारत असतात की दादा, तुम्ही प्रोटीनवर लेझर मारून नेमकं बघता काय, आणि आम्हाला यात यायचं तर सुरुवात कुठून करायची. तर एकदाच नीट लिहून टाकतो. लेझरने प्रोटीनवरच्या रेणूत ट्रिप्लेट (दोन सुटे इलेक्ट्रॉन, दोघांचे स्पिन एकाच दिशेचे, अशी अवस्था) तयार करायचं आणि ईपीआर मशीनवर त्याचा सिग्नल बघायचा, हे आमचं काम. माझं सांगणं एकच आहे, सिग्नल किती मोठा आला हे नंतर बघा, आधी तो वर गेलाय का खाली ते बघायला शिका, या विषयाचा जीव त्यातच आहे.

साधा ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स) तुम्हाला माहीत असेल, १९४४ मध्ये कझानला झाव्होइस्कीने शोधला. चुंबकीय क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनच्या दोन लेव्हल होतात आणि मायक्रोवेव्ह दिले की तो एकीवरून दुसरीवर जातो. अडचण अशी की साडेनऊ गिगाहर्ट्झच्या मशीनवर रूम टेम्परेचरला दोन्ही लेव्हलमध्ये दहा हजारामागे जेमतेम सात-आठ इलेक्ट्रॉनचा फरक असतो, आणि सिग्नल येतो तो तेवढ्या फरकाचाच.

आता प्रोटीनला एखादा डाय जोडा, पोर्फिरिन, इओसिन, रोझ बेंगॉल वगैरे, आणि ५३२ नॅनोमीटरचा लेझर पल्स मारा. रेणू आधी उत्तेजित सिंगलेटमध्ये (स्पिन जोडीने उलटसुलट) जातो, तिथून एका इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटून, म्हणजे इंटरसिस्टम क्रॉसिंग होऊन, ट्रिप्लेटमध्ये उतरतो (इओसिनमधलं ब्रोमीन, रोझ बेंगॉलमधलं आयोडीन हे जड अणू असल्याने हे उतरणं सोपं होतं). ट्रिप्लेटला तीन सबलेव्हल असतात आणि त्या तिन्ही सारख्या भरत नाहीत. गिरणेच्या पाटाचं पाणी तीन चाऱ्यांना सोडलं तरी जिचं तोंड मोठं ती आधी भरते, तसंच. पेंटासीनमध्ये हा वाटा साधारण ७६, १६ आणि ८ टक्के असा पडतो, म्हणजे कुठे ते सात-आठ आणि कुठे हे! यालाच स्पिन पोलरायझेशन म्हणतात. काही मायक्रोसेकंदांत ते ओसरायला लागतं, म्हणून लेझर पडल्या पडल्या मोजावं लागतं.

वरची लेव्हल जास्त भरलेली असेल तर रेणू मायक्रोवेव्ह शोषत नाही, उलट देतो, आणि स्पेक्ट्रमचा तो भाग खाली जातो, याला एमिशन म्हणायचं, वर गेला तर अॅब्सॉर्प्शन. हा ए (अॅब्सॉर्प्शन) आणि ई (एमिशन) चा क्रम म्हणजे ट्रिप्लेट कुठल्या वाटेने आलं त्याचा दाखला असतो. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या बॅक्टेरियाच्या रिअॅक्शन सेंटरमध्ये इलेक्ट्रॉनची पुढची वाट बंद केली की तो मागे फिरतो आणि इलेक्ट्रॉन दिलेल्या-घेतलेल्या दोन रेणूंच्या जोडीतून (रॅडिकल पेअर) ट्रिप्लेट बनतं, तेव्हा ए-ई-ई-ए-ए-ई असा पॅटर्न येतो. साध्या इंटरसिस्टम क्रॉसिंगने तो येत नाही, सहा अक्षरांवरून रेणूच्या आत काय घडलं ते कळतं, मला अजूनही याचं फार अप्रूप वाटतं.

आणि उपयोग काय, तर प्रोटीनमधली अंतरं मोजणं. २०१४ मध्ये इटलीतल्या पाडोवाच्या ग्रुपने पोर्फिरिनचं ट्रिप्लेट स्पिन लेबल (ईपीआरला दिसणारी खूण) म्हणून वापरून दाखवलं, दुसऱ्या टोकाला नायट्रॉक्साइड, म्हणजे एक सुटा इलेक्ट्रॉन असलेलं नेहमीचं लेबल. दोन खुणांचा एकमेकींवरचा चुंबकीय परिणाम अंतरानुसार बदलतो, त्यावरून अंतर काढतात. लेझर बंद की ट्रिप्लेट नाहीच, म्हणजे तेच सॅम्पल उजेडात आणि अंधारात ताडून बघता येतं. मायोग्लोबिनच्या हीममध्ये लोखंडाऐवजी झिंक घातलं तर बाहेरून डाय जोडायचीही गरज नाही, लोखंडाबरोबर मात्र ट्रिप्लेट टिकत नाही.

आता कामाचं. फिजिक्सवाल्यांना वाटतं सगळं स्पेक्ट्रोमीटरवर होतं, पण निम्म्याहून जास्त वेळ सॅम्पल बनवण्यात जातो. डाय बहुतेक वेळा सिस्टीनला जोडतात, जोडून झालं की उरलेला मोकळा डाय कॉलमवर काढून टाका आणि यूव्ही-व्हिजिबलवर डाय किती, प्रोटीन किती ते तपासा. मोकळा डाय राहिला तर तोही तसाच छान पोलराइज्ड सिग्नल देतो आणि तुम्ही तो प्रोटीनचा समजून बसाल. सॅम्पल फार गडदही नको, लेझर पुढच्या थरातच संपतो आणि मागचं सगळं अंधारात राहतं. ऑक्सिजन ट्रिप्लेट विझवतो, म्हणून द्रावणात मोजायचं तर तो काढावाच लागतो. गोठवून मोजायचं तर ग्लिसरॉल घाला आणि क्वार्ट्झची नळी लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून बघा, आत काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, पांढरं फुटलं तर प्रकाश विखुरतो, सरळ पुन्हा करा. लिक्विड नायट्रोजनला बिचकू नका, आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये ठेवतात त्यात तेच असतं, फक्त बंद खोलीत जपून. आणि गॉगल! ५३२ चा गॉगल ३५५ ला चालेलच असं नाही, त्यावर छापलेलं वाचूनच घाला.

वाट म्हणाल तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोटेक कुठूनही येता येतं, जॅम, गेट, नेट आणि टीआयएफआरची जीएस परीक्षा द्या. आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (उपकरणांचं केंद्र) साधा ईपीआर बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही करून मिळतो, भुसावळहून रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबई, एक साधा रॅडिकल मोजून आणा. लेझर जोडलेली मशीन मात्र मोजक्याच ठिकाणी असते, अर्ज करण्याआधी विचारून घ्या. तोपर्यंत इझीस्पिन शिका, ईपीआरचे स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर काढणारं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे, मॅटलॅब मात्र लागतं, ते कॉलेजात आहे का बघा. डी आणि ई (इथे ई म्हणजे एमिशन नाही, हे दोन आकडे तिन्ही सबलेव्हलमधलं अंतर ठरवतात) बदलून, सबलेव्हलचे वाटे बदलून ए-ई चा पॅटर्न कसा उलटतो ते स्वतः काढा, आणि लॅबला मेल लिहाल तेव्हा मार्कशीटसोबत त्यातला एक प्लॉट जोडा, खाली चार ओळीत तो तसा का आला ते लिहून.